सेकंड शिफ्टचा हिशेब

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या काही लहान कारखान्यांची पगारपत्रकं मी बघतो. हजेरी, ओव्हरटाइम, पीएफ, इएसआय (कामगारांचा आरोग्य विमा), दिवाळीचा बोनस, सगळं. पगाराआधी उचल मागायला येणारी माणसं साधारण ठरलेली असतात. कुणाच्या घरात लग्न निघालेलं असतं, कुणाचं ऑपरेशन असतं, कुणाला पिण्याची सवय असते. एक मुलगा मात्र यातल्या कुठल्याच रांगेत बसत नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत, हजेरी चोख, मशीनवर हात चांगला. तरी ओळीनं तीन महिने उचल, आणि पुढच्या महिन्यात पीएफ काढायचा अर्ज. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय. त्याला आणि त्याच्या आईला विचारूनच लिहितोय. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव घेत नाही, आणि काही आकडे थोडे इकडेतिकडे केले आहेत.

वय 23. गाव बेळगाव तालुक्यातलंच, उद्यमबागेपासून मोटरसायकलनं वीस-पंचवीस मिनिटांवर. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग आयटीआय, मग सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचा ऑपरेटर म्हणून नोकरी. वडील सेंट्रिंगच्या कामावर, आई घरी शिवणकाम करते, धाकटी बहीण कॉलेजला. जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली, त्यामुळे बहिणीच्या पासचा खर्च सुटला. घर गरीब म्हणावं असं नाही आणि सुखवस्तूही नाही. बेळगावच्या आसपासच्या गावांत अशी घरं गल्लीगल्लीला आहेत.

एकूण पगार 19,500. त्यातला 15,000 बेसिक आणि डीए, म्हणून पीएफचे 12 टक्के म्हणजे 1,800 कापले जातात. इएसआयचे 0.75 टक्के म्हणजे 147. हातात 17,553. ओव्हरटाइम मिळाला तर वीसच्या आसपास, पण तो ऑर्डरीवर अवलंबून, त्यामुळे धरायचा नाही.

आता जाणाऱ्या बाजूला बघा. मोटरसायकलचा हप्ता 4,650. मोबाईलचा हप्ता 2,000. क्रेडिट कार्डावर 38,000 थकलेले, त्यातले तो दर महिन्याला ‘किमान देय रक्कम’ म्हणून साधारण 1,900 भरायचा. आणि मोबाईलवरच्या एका ॲपवरून घेतलेलं 10,000 चं कर्ज, त्याचा हप्ता 3,650. बेरीज 12,200. घरात 3,000 द्यायचे. उरले 2,353, त्यात महिनाभराचं पेट्रोल, चहा, रिचार्ज, कपडे, मित्रांचे वाढदिवस. ते पुरत नाहीत हे सांगायला अकाउंटंट लागत नाही.

तारखांचं दुखणं

बेरीज-वजाबाकीच्या आधी मला खटकल्या त्या तारखा. लहान कारखान्यांनी पगार सात तारखेपर्यंत द्यावा असा कायदा आहे, आणि आमच्याकडे तो बरोबर सात तारखेलाच होतो. गाडीचा हप्ता पाच तारखेला. शोरूममध्ये सह्या करताना कुणी तारीख विचारली नाही आणि यानंही सांगितली नाही. पाच तारखेला खात्यात शंभर-दोनशे रुपये, हप्ता परत. फायनान्स कंपनीचा दंड जीएसटीसकट 590, बँकेचा वेगळा 295. म्हणजे दोन दिवसांच्या फरकापायी 885 रुपये. हे पाच महिन्यांत तीनदा झालं होतं. वर परत गेलेला हप्ता सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत जाऊन बसू शकतो, ते निराळंच.

त्याला वाटत होतं आपण ‘उधळे’ आहोत. घरातही हाच शब्द वापरला जात होता. मला ते पटलं नाही. जो मुलगा दर महिन्याला न चुकता आईच्या हातात 3,000 ठेवतो, त्याला उधळा म्हणणं सोपं आहे, पण त्यातून दुरुस्ती काही निघत नाही.

कार्डाची गोष्ट जरा नीट सांगायला हवी, कारण कारखान्यातल्या निम्म्या पोरांची तीच आहे. किमान रक्कम भरली की लेट फी वाचते, व्याज वाचत नाही. याच्या कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के. 38,000 वर व्याज 1,330, त्यावर 18 टक्के जीएसटी 239, एकूण 1,569. म्हणजे 1,900 भरल्यावर मुद्दलातून गेले 331. आणि मागची बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, आज घेतलेल्या वस्तूवर आजपासूनच व्याज. हे त्याला माहीत नव्हतं. मी आकडा कागदावर लिहिला तेव्हा बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, “सर, म्हणजे वर्षभर मी फुकटच भरूलालोय की.”

ॲपचं कर्ज त्याहून वाईट. 10,000 च्या कर्जात प्रोसेसिंग फी कापून हातात आले 9,292, आणि तीन महिन्यांत परत द्यायचे 10,950. वर्षाच्या हिशेबानं हा दर शंभर टक्क्यांच्या वर जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे असं कर्ज देताना सगळे खर्च धरून वार्षिक दर किती पडतो ते सांगणारं पत्रक आधी द्यावं लागतं. ते त्याला मिळालंही होतं, मेलवर. मेल उघडतो कोण?

कार्डावर एवढी बाकी झाली कशानं? वस्तूंनी कमी, गावच्या लक्ष्मी यात्रेनं जास्त. बेळगाव भागातल्या यात्रा ज्यांना माहीत आहेत त्यांना सांगायला नको. काही गावांत पाच वर्षांनी, काही गावांत त्याहून कितीतरी जास्त वर्षांनी यात्रा येते, आणि आली की घरटी बकरं, पै-पाहुणे, घराला रंग, सगळ्यांना नवे कपडे. यानं शिफ्टमधल्या सगळ्यांना मटणाचं जेवण घातलं. मी त्याला यावरून एक शब्द बोललो नाही. यात्रेत जेवण न घालणारा माणूस गावात कसा राहतो ते मलाही माहीत आहे. पण यात्रेचं साल गावाला आधीपासून ठाऊक असतं. तिच्यासाठी महिन्याला पाचशे बाजूला टाकायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, आणि व्याज मात्र पुढं वर्षभर भरतात.

वेळ लिहून काढली

खर्चाची वही लिही असं मी त्याला सांगितलं नाही. आठ तास उभं राहून आलेला पोरगा वही लिहीत नाही. त्यापेक्षा मोबाईलमधला यूपीआयचा इतिहास काढला आणि तीन महिन्यांच्या नोंदींपुढे पेन्सिलनं फक्त वेळ आणि शिफ्ट लिहिली. कशावर खर्च झाला ते नाही, किती वाजता झाला ते.

त्यातून जे दिसलं त्याची मला कल्पना नव्हती. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात (सात ते तीन) सुटा खर्च सातशेच्या आसपास. नाईटला थोडा जास्त, अकराशे-बाराशे. आणि सेकंडच्या आठवड्यात, म्हणजे तीन ते अकरा, बावीसशेच्या वर. माणूस तोच, पगार तोच. एका रात्रीच्या नोंदी बघा:

11.24, ऑम्लेट-पाव, 70.
11.41, कोल्ड्रिंक, 40.
12.10, मावा (तंबाखू-सुपारी), 30.
12.55, मित्राला, 200.
1.52, टी-शर्ट, 499, कार्डावरून.

सेकंड शिफ्टला साडेआठच्या सुट्टीत तो डबा उघडायचाच नाही. पोरं चहा-बिस्किटावर भागवायची, म्हणून हाही. अकराला सुटला की पोटात आग. मग गाडा, तिथं मित्र, मग गप्पा, घरी एक वाजता. शिफ्ट करून आल्यावर लगेच झोप लागत नाही, हे शिफ्टमध्ये काम केलेला कुणीही सांगेल. मग अंथरुणात मोबाईल, आणि मोबाईलमध्ये दुकान उघडंच. सकाळी आई दहाला उठवायची, डोकं जड, तीनला पुन्हा कामावर. आठवडा असाच.

घरचे ज्याला उधळपट्टी म्हणत होते ती खरं तर न खाल्लेल्या डब्याची किंमत होती. पैशाची सवय आणि जेवणा-झोपेची सवय या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून शिकवल्या जातात. मी आजवर बघितलेल्या उचलीच्या चिठ्ठ्यांत त्या फारशा वेगळ्या निघालेल्या नाहीत.

पीएफला हात लावायचा का

तो माझ्याकडे आला होता ते पीएफमधले 50,000 काढायला. सेवा केंद्रातल्या पोरानं सांगितलं होतं, “आजारपणाचं कारण टाक, लगेच येतात.” घरात आजारी कुणीच नव्हतं. खोटं कारण लिहायला मी मदत करणार नाही हे पहिल्यांदा सांगून टाकलं. पण तेवढ्यावर सोडणं बरोबर नव्हतं, कारण त्याचा प्रश्न खरा होता: कार्डावर 42 टक्के व्याज जातंय आणि पीएफवर 8.25 टक्के मिळतंय, मग पीएफमधून कार्ड का फेडू नये?

कागदावर बघितलं तर त्याचं बरोबर होतं. सव्वाआठ मिळवून बेचाळीस देत बसणं हा कुठल्याच हिशेबात शहाणपणा नाही. दुसऱ्या बाजूला, त्याच्या पीएफमध्ये दर महिन्याला त्याचे 1,800 आणि मालकाकडचे 550 जमतात (मालकाच्या 1,800 पैकी 1,250 पेन्शनकडे वळतात), आणि हाच दर राहिला असं धरलं तर आजचे 50,000 त्याच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी आठ लाखांच्या आसपास होतात. मी हे सांगितलं. त्याच्यावर काडीचा परिणाम झाला नाही. तेवीस वर्षांच्या मुलाला अठ्ठावन्नचा माणूस म्हणजे दुसराच कुणीतरी, आणि त्यात त्याची चूक नाही.

निर्णय फिरला तो वेगळ्याच गोष्टीवर. बोलता बोलता कळलं की आदल्या वर्षी आईची भिशी लागली तेव्हा त्यातले 20,000 घालून याचं कार्ड एकदा पूर्ण फेडलं होतं. वर्षाच्या आत त्यावर पुन्हा बाकी चढली. यात्रा नंतरची, पण त्याआधीच अठरा हजार झाले होते. म्हणजे कर्ज फेडायचा प्रयोग झालेला होता आणि फसलेला होता. सेकंड शिफ्ट तशीच, डबा तसाच, कार्ड दुकानाच्या ॲपमध्ये साठवलेलं तसंच. पीएफनं फेडलं असतं तर वर्षानं पीएफही नसता आणि कार्डही पुन्हा थकलेलं असतं. मी त्याला एवढंच म्हटलं की आधी रात्रीचं बघू, पैसे कुठून आणायचे ते नंतर.

गाडी विकण्याचा विषयही निघाला. माझंच मत होतं. त्यानं ऐकलं नाही, आणि विचार केल्यावर मलाही ते पटलं. रात्री अकराला गावाकडं बस नाही. गाडी गेली तर सेकंड आणि नाईट दोन्ही शिफ्ट जातील, आणि त्याबरोबर ओव्हरटाइमही.

आईची पिग्मी

पैसे आले ते आईकडून, आणि आईनं ते उगाच दिले नाहीत.

आपल्याकडं पिग्मी घरोघरी माहीत आहे. 1928 मध्ये उडुपीकडच्या सिंडिकेट बँकेनं ती सुरू केली. दारात येऊन दोन आण्यांपासून रोजचे पैसे गोळा करायचे, अशी ती पद्धत. बँक 2020 मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पिग्मी मात्र गल्लीगल्लीत राहिली. या बाईंना कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे 2,000 येतात. कधी वेळेवर, कधी दोन महिन्यांचे एकदम. ते आले की बाजूला ठेवून त्यातले रोज 50 त्या पिग्मीवाल्याला द्यायच्या. दोन वर्षांत 36,000 जमले होते, आणि घरात कुणालाच माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

पैसे एका सोसायटीत होते. इथं मी त्यांना एक गोष्ट समजावून सांगितली, ती सगळ्यांनीच लक्षात ठेवावी अशी आहे. बँक बुडाली, मग ती सहकारी बँक का असेना, तर ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदाराला 5 लाखांपर्यंत संरक्षण असतं. ही मर्यादा फेब्रुवारी 2020 पासूनची. पतसंस्था, सौहार्द सहकारी संस्था, मल्टिपर्पज सोसायटी यांना हा विमा नाही. पाटीवर ‘बँकिंग’सारखं काहीतरी लिहिलेलं असतं, आत संगमरवर असतो, व्याज एक-दोन टक्के जास्त असतं, आणि माणसं फसतात. बेळगाव जिल्ह्यात सोसायट्यांत पैसे बुडालेली घरं शोधायला लांब जावं लागत नाही.

आईनं 30,000 काढून दिले. अट एकच: “पैसे घे, पण ते कार्ड आधी माझ्या हातात दे की.” कार्ड तिच्या शिलाई मशीनच्या खणात गेलं. दुसरी अट तिच्याच डोक्यातली, मी सुचवलेली नाही. परतफेड महिन्याला नाही, रोज करायची, पिग्मीवाल्याच्या हातात, तिच्या नावावर. नवीन पिग्मी मात्र एका सहकारी बँकेची काढली. ॲपचं कर्ज संपेपर्यंत रोज 50, त्यानंतर रोज 100. मला हे मनापासून आवडलं. हप्तेवाल्या कंपन्यांनी वसुलीची जी शिस्त या पोराला लावली होती, तीच आईनं स्वतःकडे वळवून घेतली, आणि व्याज शून्य.

बाकीची व्यवस्था माझी. आयटीआयच्या वेळी स्टायपेंडसाठी उघडलेलं एक जुनं खातं पडून होतं. पगाराच्या खात्यावरचं यूपीआय बंद केलं आणि त्या जुन्या खात्यावर चालू केलं. दर सोमवारी त्यात 700 जातात. आठवड्याला तेवढेच. पगाराच्या खात्यात हप्त्यांशिवाय काही हलत नाही. गाडीच्या हप्त्याची तारीख बदलून द्यायला फायनान्स कंपनीनं नकार दिला, म्हणून बोनसमधले 5,000 त्या खात्यात कायमचे पडून आहेत, त्याचे पैसे नाहीत असं समजून. कार्डाच्या बिलाची तारीख मात्र बदलून मिळाली. किमान एकदा ती बदलून मागायचा हक्क ग्राहकाला आहे.

आणि डबा. साडेआठला पूर्ण खायचा, चहा नंतर. पहिल्या आठवड्यात पोरांनी थट्टा केली. महिन्याभरात आणखी दोघं डबा उघडायला लागले, असं त्यानंच सांगितलं. मोबाईल रात्री बाहेरच्या खोलीत, बहिणीच्या टेबलावर. हे आठवड्यातून एक-दोनदा मोडतं.

मावा

हा भाग त्यानं मला उशिरा सांगितला. दिवसाला पाच-सहा पुड्या, 15 रुपयांची एक. नाईटला जास्त. महिन्याला अडीच हजार. यूपीआयमध्ये त्यातल्या अर्ध्याच दिसत होत्या, बाकी रोखीत किंवा टपरीवरच्या उधारीत.

मी पैशाचं गणित मांडलं असतं तर त्यानं मान डोलावली असती आणि टपरी गाठली असती. त्याऐवजी इएसआयच्या दवाखान्यात जाऊन ये म्हटलं. इएसआयचं कार्ड होतं, दरमहा पैसे कापले जात होते, पण हा तिथं एकदाही गेला नव्हता. इएसआयखाली आजारपणाच्या रजेत पगाराच्या 70 टक्के रक्कम वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळू शकते, हेही त्याला नवीनच होतं. डॉक्टरांनी त्याला तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली. सुपारीनं गालाची आतली कातडी आखडत जाते, तोंड कमी उघडतं, आणि एकदा आखडलेलं पूर्ण पहिल्यासारखं होत नाही. सोडलं तर तिथंच थांबू शकतं. नुसती सुपारीसुद्धा कर्करोगाला कारण ठरते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्येच जाहीर केलंय, मग माव्यात तर तंबाखूही. घरी आल्यावर तो आरशासमोर बोटं घालून बघत होता, असं आई म्हणाली.

राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनवर (1800-11-2356) त्यानं फोन केला. फर्स्ट आणि सेकंडच्या आठवड्यात मावा बंद झाला. नाईटला अजून दोन होतात. पहाटे चारला मशीनसमोर डोळे मिटतात, आणि सीएनसीसमोर झोपण्यापेक्षा मावा परवडला, असं तो म्हणतो. त्याला उत्तर म्हणून भाजके शेंगदाणे आणि दोन वाजता चहा असं चाललंय. पूर्ण सुटलेलं नाही.

वर्षानंतर

कार्डाची उरलेली बाकी दिवाळीच्या बोनसमध्ये फिटली. ॲपचं कर्ज ऑक्टोबरात संपलं आणि ॲप काढून टाकलं. आईचे 30,000 यंदा जुलैत पूर्ण झाले, मधे मे महिन्यात मामाच्या गावची यात्रा आली तेव्हा दहा-बारा दिवस पिग्मी चुकली, तीही भरून काढली. मोबाईलचे हप्ते संपले. उचलीची चिठ्ठी परत आलेली नाही. पीएफ जसाच्या तसा आहे. वर्षातून एकदा फुकट मिळणारा क्रेडिट रिपोर्ट काढून बघितला, गुण सातशेच्या वर गेलेत. 20 रुपये वर्षाचा सुरक्षा विमा आणि 436 रुपयांचा जीवनज्योती विमा, दोन्ही पगाराच्या खात्यावरून चालू केले. प्रत्येकी 2 लाखांचं संरक्षण, पहिल्यात अपघाताचं. सेकंडच्या आठवड्यात रात्री बाराला मोटरसायकलवरून येणाऱ्या मुलासाठी याहून स्वस्त काही नाही.

पुढचा वाद आत्ताच सुरू झालाय. शिफ्टमधला एकजण कुठल्यातरी ग्रुपवरून ऑप्शन ट्रेडिंग शिकलाय आणि याला बोलावतोय. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं 2024 मध्ये काढलेला आकडा मी त्याला दाखवला: तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. “तो तर कमवूलालाय,” असं त्याचं उत्तर. सध्या तरी त्यात गेलेला नाही.

गाडीचा शेवटचा हप्ता मार्चमध्ये. त्यानंतर महिन्याला 4,650 मोकळे होतात. माझं म्हणणं, पहिलं वर्षभर सगळे आरडीत टाक, हातात तीन महिन्यांचा खर्च जमू दे, म्युच्युअल फंडाचं मग बघू. त्याचं म्हणणं, निम्मे आरडीत आणि निम्मे नव्या हेल्मेट-जॅकेटला आणि मित्रांबरोबर चोर्ल्यावरून गोव्याला. वडिलांना गावाजवळ गुंठाभर जागा बघायची आहे. आईनं यावर अजून तोंड उघडलेलं नाही, पण पिग्मीवाला रोज येतोच आहे, आणि रोजचे शंभर बंद करायचं तिच्या मनात दिसत नाही.